एकाच अक्षरातल्या चिठ्ठ्या

यंदा कॉलेजच्या गॅदरिंगला फिशपॉन्डची पेटी माझ्याकडे द्यायचं ठरलं होतं. माझं अक्षर बरं आहे, एवढंच कारण. मी नाही म्हटलं. आमचा वर्गप्रतिनिधी म्हणाला, "अगं, नुसतं उतरवून तर काढायचंय. त्यात काय एवढं?" त्यात काय एवढं, हे मला तिथल्या तिथे सांगता आलं नाही. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. कुठे किती बोलावं याचा अंदाज मला अजून येत नाही. लिहिताना थोडं सुचतं, म्हणून लिहिते.

गोष्ट नववीतली आहे. माझे वडील, आप्पा, माझ्याच शाळेत शिपाई होते. ते मूळचे निफाडकडचे, चौथीपर्यंत शिकलेले. शाळेच्या आवारात कडुलिंबाच्या झाडाला रुळाचा एक तुकडा टांगलेला होता, तीच आमची घंटा. आप्पा तिच्यावर लोखंडी सळईने टोले द्यायचे. पहिला टोला हलका असायचा, दुसरा जोरात. आजही कुठे लोखंडावर लोखंड आपटलं की माझा हात आपोआप पाठीवरच्या वेणीकडे जातो. प्रार्थनेच्या आधी वेण्या पुढे आहेत की मागे, हे आमच्या बाई बघायच्या. शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या आणि कपाटांच्या चाव्या आप्पांच्या कमरेला असत. ते व्हरांड्यातून चालले की त्या वाजायच्या, आणि मधल्या सुट्टीत दंगा करणारी मुलं आवाज ऐकून शहाण्यासारखी बसायची. मुलं त्यांना काका म्हणत. मीही शाळेत त्यांना काकाच म्हणायचे. का, ते कुणी सांगितलं नव्हतं.

माझ्या बाकावर सटाण्याकडची एक मुलगी बसायची. तिच्या गावात शाळा सातवीपर्यंतच, म्हणून ती पंचवटीत पेठ नाक्याजवळ मामांकडे राहायला आली होती. मधे दोन वर्षं घरी बसल्यामुळे आमच्यापेक्षा वयाने मोठी होती, उंचही होती. खो-खोत ती खांबापाशी वळायची तेव्हा तिची वेणी तिच्यामागून वळायची, आणि ती वेणी धरायला जाऊन कितीतरी जणी पडायच्या. मामींना वर्षाचं बाळ होतं. शाळा सुटली की ते बाळ हिच्या कडेवर. दुकानातून साखर आणायची तर बाळासकट, नळावर जायचं तर बाळासकट. आपल्याकडे घरातल्या मोठ्या मुलीला हे चुकत नाही, त्यामुळे मला त्यात काही वेगळं वाटलं नाही. पण वर्गातल्या काही मुलांना वाटलं. मागच्या बाकांवर काहीतरी कुजबूज चालायची. ती आत आली की कुणीतरी तोंडाने अंगाई म्हटल्यासारखा आवाज काढायचं आणि चार जण हसायचे. तिने मला एकदा विचारलं, "काय हसतात गं हे?" मी म्हटलं, "काही नाही, येडे आहेत." मला थोडं माहीत होतं. मी सांगितलं नाही.

गॅदरिंग जानेवारीत असायचं. नाशिकची ती थंडी! सकाळी मैदानावर कवायतीला उभं राहिलं की तोंडातून वाफ निघायची आणि मुलं दोन बोटं ओठांना लावून विडी ओढल्याची नक्कल करायची. आठ दिवस आधीपासून अभ्यास असा नसायचाच. कुठल्या वर्गात लेझीम, कुठल्या वर्गात नाटक, आणि मैदानात कनातीच्या बांबूंसाठी खड्डे खणणारे आप्पा. मला तो आठवडा दिवाळीपेक्षा आवडायचा.

शिक्षकांच्या खोलीबाहेर एक बिस्किटांचा पत्र्याचा डबा टांगलेला असे. त्याला वर फट पाडलेली आणि छोटं कुलूप. त्यात कुणीही कुणावरही दोन ओळी लिहून टाकायच्या, नाव न घालता. गॅदरिंगच्या दिवशी त्या माईकवरून वाचायच्या आणि ज्याच्यावर असेल त्याने सगळ्यांसमोर येऊन आपली चिठ्ठी घेऊन जायची. यालाच फिशपॉन्ड म्हणतात. आमचे जुने गुरुजी शेलापागोटे म्हणत. मुख्याध्यापकांच्या टकलावरसुद्धा चिठ्ठी असायची आणि तेही हसत हसत घ्यायला यायचे. आपल्यावर एक तरी फिशपॉन्ड पडावा असं सगळ्यांनाच वाटे. पडला नाही तर मुलं खट्टू व्हायची.

हे सगळं चित्रकलेच्या सरांकडे असायचं. सर फार गमत्या स्वभावाचे. त्यांनी मला बोलावून डबा पुढे ठेवला.

"हे बघ, मागच्या वर्षी एकाने दुसऱ्याचं अक्षर ओळखलं आणि बसस्टॉपवर मारामारी झाली. म्हणून या वर्षी सगळ्या चिठ्ठ्या एकाच अक्षरात. तुझ्या. तू उतरवायच्या, मूळ चिठ्ठ्या फाडून टाकायच्या. कळलं?"

"हो सर."

"आणि एखादी फारच लागेल अशी असली तर बाजूला काढ. तू शहाणी आहेस."

मी शहाणी आहे असं शाळेत मला पहिल्यांदाच कुणीतरी मोठ्याने म्हटलं होतं. मी रिकाम्या चित्रकलेच्या वर्गात दोन दुपारी बसून चिठ्ठ्या उतरवल्या. मारामारी होऊ नये म्हणून सरांनी काढलेली ती युक्ती होती, आणि ती खरंच चांगली वाटत होती. कुणी लिहिलं ते कळणारच नाही म्हटल्यावर लिहिणाऱ्याला काहीही लिहायची मोकळीक मिळते, हे तेव्हा आमच्यापैकी कुणाच्याच लक्षात आलं नाही.

बहुतेक चिठ्ठ्या साध्या होत्या. कुणाचं नाक, कुणाचा चष्मा, गणिताच्या सरांची सायकल. दोन-तीन घाणेरड्या होत्या, त्या मी बाजूला काढल्या. मग एक आली ती माझ्यावर होती.

"घंटा वाजवतो बाप, पहिला नंबर लेकीचा;
पेपर कुठल्या कपाटात, प्रश्न आहे चावीचा."

मी ती दोनदा वाचली. चाचणी परीक्षेत माझा पहिला नंबर आला होता. प्रश्नपत्रिका ज्या कपाटात असत त्याची चावी आप्पांच्या कमरेला होती. हे माईकवरून वाचलं गेलं असतं तर कुणी चौकशी मागितली असती. चौकशीत काही निघालं नसतं, पण आप्पांच्या कमरेच्या चाव्या गेल्या असत्या. मी ती चिठ्ठी फाडली नाही. का, कोण जाणे. घडी करून मराठीच्या पुस्तकाच्या कव्हरात सरकवली.

त्यानंतर तीन-चार चिठ्ठ्यांनी दुसरी आली.

"कडेवर बाळ, दप्तरात पाटी;
आई की ताई, सांगा कुणासाठी?"

वर लिहिलं होतं, 'नववी ब मधल्या उंच ताईंना'.

ही चिठ्ठी मी उतरवली.

मला त्यातला अर्थ कळला नव्हता, असं मी पुढे बऱ्याच जणांना सांगितलं. इथे मात्र खरं लिहायला हवं. अर्धा कळला होता. पण ओळी जमलेल्या होत्या, यमक बसलं होतं, त्या डब्यात बऱ्या म्हणाव्या अशा चिठ्ठ्या फार नव्हत्या, आणि सरांना त्या आवडल्या असत्या. मी चांगलं अक्षर काढून लिहिलं. 'ळ' तर फारच छान आला होता.

गॅदरिंगच्या संध्याकाळी पालकही आले होते. तिचे मामा-मामी आले होते. मामींना कार्यक्रम नीट बघता यावा म्हणून बाळ हिच्याकडे होतं. ती कनातीच्या खांबाशी उभी होती, छातीवर स्वयंसेविकेची गुलाबी फीत आणि कडेवर बाळ. सरांनी चिठ्ठी वाचली. त्यांना बिचाऱ्यांना ती गमतीचीच वाटली, त्यांनी 'आई की ताई'वर आवाजही बदलला. पहिल्यांदा मागच्या रांगेतली मुलं हसली. मग सगळ्या माना खांबाकडे वळल्या आणि सगळं मैदान हसलं. सगळ्यांना काय कळलं होतं, मला माहीत नाही. एक हसला म्हणून दुसरा हसतो.

मामी उठल्या, गर्दीतून तिच्याजवळ गेल्या आणि तिच्या कडेवरून बाळ काढून घेतलं. तरी सर माईकवरून म्हणतच होते, "या, ताई, या! चिठ्ठी घेऊन जा!" आणि ती गेली. रिवाज होता म्हणून गेली. चिठ्ठी घेतली, खाली मान घालून परत आली.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. शाळा सुटल्यावर मी गोदावरीवरचा पूल ओलांडून तिच्या मामांच्या घरी गेले. मामी दारात गहू निवडत होत्या.

"कशाला आलीस? तिचं नाव शाळेतून काढणार आहेत. रविवारी सटाण्याच्या गाडीत बसवून देतील मामा."

"पण मामी, तिकडे आठवीच नाही."

"मग? इथे राहून काय ऐकायचं आम्ही? कालपासून नळावरच्या बाया बाळाचं नाक बघतात, कुणासारखं आहे म्हणून."

ती आतून बाहेर आली. हातात ती चिठ्ठी होती. शाळेत ती आमच्यासारखंच बोलायची, पण त्या दिवशी तिच्या तोंडून घरची बोली आली.

"अक्षर तर तुनं शे."

"मी नाही लिहिली गं! मी फक्त उतरवली. सरांनी सगळ्याच उतरवायला सांगितल्या होत्या."

तिने चिठ्ठीची घडी केली. मग हळू आवाजात म्हणाली, "पण वाची व्हती ना तू?"

वाचली होती. मी तशीच परत निघाले. रविवारला तीन दिवस होते.

घरी आप्पा चुलीपुढे शेकत बसले होते. मी मराठीचं पुस्तक आणलं, कव्हरातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली आणि सगळं सांगितलं. आप्पा अक्षर अक्षर जुळवून वाचायचे. 'घं-टा-वा-ज-व-तो' असं ते मोठ्याने वाचत गेले आणि शेवटच्या शब्दाला थांबले. आई भाकरी थापायची थांबली.

"कुनी लिवलं?"

"माहीत नाही, आप्पा."

"अन् तू ही लपिवली."

"हो."

"अन् त्या पोरीची नाय लपिवली."

आप्पांनी मला मारलं असतं तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "उद्या ही घेऊन आपुन बाईंकडं जायचं."

आई म्हणाली, "अवो, नोकरीवर बेतंल! गप फाडून टाका चुलीत."

"चुलीत टाकली म्हंजी जळाली व्हय? ज्यानं लिवली त्याच्या डोक्यात हायेच की. अन् आपल्यावर आली ती खोटी हाय, तर तिच्यावरची बी खोटी हाय, हे कुनी सांगायचं? आपल्यालाच सांगता येतंय."

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, घंटा देऊन आप्पा मला घेऊन मुख्याध्यापिका बाईंच्या खोलीत गेले. वर्षभरापूर्वीच या बाई आल्या होत्या, टकलावरच्या फिशपॉन्डला हसणाऱ्या सरांच्या जागी. कडक होत्या, वेण्या तपासायच्या त्याच. आप्पांनी कमरेच्या चाव्या सोडून टेबलावर ठेवल्या, शेजारी चिठ्ठी ठेवली.

"बाई, ही आमच्यावरची. पोरीनं दाबून ठिवली. चौकशी करायची तर करा, तवर चाव्या तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. पर ती उंच पोरगी रविवारी शाळा सोडून चालली, तिचं आधी बघा."

बाईंनी चिठ्ठी वाचली, माझ्याकडून सगळं ऐकलं आणि चित्रकलेच्या सरांना बोलावलं. सर म्हणाले, "बाई, मला खरंच गंमत वाटली हो. मी कसा..." त्यांचे कान लाल झाले होते. मग म्हणाले, "मी शोधून काढतो कुणी लिहिलं ते. एकेकाला उभा करतो."

"नको," बाई म्हणाल्या. "लिहिणारा एक. हसलो आपण सगळे. मीही पहिल्या रांगेत बसून हसले." चाव्या त्यांनी आप्पांच्या पुढे सरकवल्या. "काका, या उचला. आणि तुमची ही चिठ्ठी मी उद्या प्रार्थनेनंतर वाचली तर चालेल का?"

आप्पांनी थोडा विचार केला. "वाचा," म्हणाले. "तिची मात्र पुन्यांदा वाचू नका."

शनिवारी सकाळची शाळा. प्रार्थना झाली, मुलं रांगेत खाली बसली. आप्पा नेहमीसारखे लिंबाखाली घंटेजवळ उभे होते. बाईंनी माझ्यावरची चिठ्ठी सावकाश, स्पष्ट वाचली आणि थांबल्या.

"हसा ना," त्या म्हणाल्या.

कुणी हसलं नाही. सगळे आप्पांकडे बघत होते. आप्पा सरळ समोर बघत होते.

"मंगळवारी हसला होतात. तीही चिठ्ठी अशीच खोटी होती. फरक एवढाच की तिच्या बाजूने बोलणारं कुणी मैदानात नव्हतं." मग त्यांनी सांगितलं, की यापुढे चिठ्ठीखाली स्वतःचं नाव लिहायचं आणि स्वतःच उभं राहून वाचायची. ज्याच्यावर आहे त्याच्या तोंडाकडे बघून वाचता येत असेल तरच लिहायची. आणि कुणी कुणाला छळत असेल तर बघणाऱ्याने येऊन सांगायचं, ती चहाडी होत नाही. हे शेवटचं बोलताना त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, तरी मला ते माझ्यासाठीच वाटलं.

दुपारी बाई, सर, आप्पा आणि मी असे चौघं पेठ नाक्याला गेलो. मामा गॅरेजमध्ये काम करायचे, नुकतेच हात धुऊन बसले होते. सरांनी हात जोडून माफी मागितली. आयुष्यात पहिल्यांदा मी एका शिक्षकाला असं करताना पाहिलं. मामा म्हणाले, "सर, तुम्ही कशाला हात जोडता. पण पोरगी दुसऱ्याची आहे. बहिणीला काय तोंड दाखवू? लोकांची तोंडं काय तुमची शाळा बंद करणार आहे?"

आप्पांनी आपली चिठ्ठी पुढे केली. मामांनी वाचली, परत दिली. "तुमचं वेगळं आहे काका. तुमच्यावर चोरीचं आलं. पोरीच्या जातीवर असलं आलं की पुसलं जात नाही."

ते खरंच होतं. आप्पांनी चिठ्ठी घडी करून खिशात ठेवली. बाईही उठायला लागल्या. मला वाटलं, आता संपलं.

तेव्हा दारातून मामी बोलल्या. बाळाला दूध पाजून खांद्यावर थोपटत होत्या.

"उद्या हिला गाडीत बसवाल, अन् परवा नळावर काय बोलतील? म्हणतील, खरं होतं म्हणूनच धाडली. मग माझ्या पोराला जन्मभर कुणाचा म्हणतील?" त्यांनी बाळ मामांच्या मांडीवर दिलं. "पोर माझं आहे. सोमवारी मीच हिला शाळेत सोडायला जाते, पोराला घेऊन. बघू दे कुणाला नाक बघायचं ते."

मामांनी बाळाचं झबलं सारखं केलं. मग म्हणाले, "जा म्हणावं."

सोमवारी मामी खरंच आल्या. नऊवारी, डोक्यावर पदर, कडेवर बाळ. फाटकातून थेट वर्गाच्या दारापर्यंत आल्या आणि आप्पांनी त्या वर्गात पोचेपर्यंत घंटा दिली नाही. बेल दोन-तीन मिनिटं उशिरा झाली. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही.

ती आली, पण माझ्या बाकावर बसली नाही. खिडकीकडच्या बाकावर जाऊन बसली. मागच्या बाकांवरचा तो अंगाईचा आवाज बंद झाला. एकदा एकाने काढला तेव्हा त्याच्याच शेजारच्याने त्याला कोपर मारलं. चिठ्ठी कुणी लिहिली ते शेवटपर्यंत कळलं नाही. पुढच्या वर्षी नाव घालून आठ-दहाच चिठ्ठ्या आल्या आणि कार्यक्रम पाच मिनिटांत संपला. बरीच मुलं म्हणाली, मजा गेली. गेलीच थोडी. मलाही तो डबा, ती उत्सुकता कधीकधी आठवते, खोटं कशाला बोलू.

मी तिच्याशी बोलायचा प्रयत्न केला. ती विचारलेल्याचं उत्तर द्यायची, तेवढंच. मी जे केलं ते चूक म्हणून सोडून देण्याइतकं लहान नव्हतं, आणि तिनेही ते लहान करून घेतलं नाही. त्या वर्षीचा फेब्रुवारी गेला, लिंबाची पानं गळाली, वार्षिक परीक्षा आली. भूगोलाच्या पेपराआधी आम्ही व्हरांड्यात भिंतीला टेकून शेवटची उजळणी करत होतो. तिने शाईचं पेन झटकलं, फरशीवर डाग पडला नाही. दोन जणींकडे बघितलं, त्यांच्याकडे बॉलपेनं होती. मग ती माझ्यासमोर येऊन उभी राहिली आणि पेनाचं टोपण आणि मान काढून नुसती नळी पुढे धरली. मीही माझं पेन उघडलं, तिरकं केलं आणि थेंब मोजत तिच्या नळीत शाई टाकू लागले. एक थेंब तिच्या अंगठ्यावर पडला. आप्पांनी पहिला टोला दिला.

"बस," ती म्हणाली. "तुला नको का?"